पाच वॅटचा आवाज

बँकेत मी जन्मभर मोठमोठे आकडे सांभाळले. निवृत्तीनंतर हौशी रेडिओचा परवाना काढला, तेव्हा पाच वॅटचे मोल कळले. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याच्या जवळपास निम्मी ही शक्ती! पण गच्चीवरच्या तारेतून निघालेली माझी मोर्सची कट्ट-कडकट्ट एका रात्री आयनांबरावरून परतून थेट जपानात पोचली. तिकडच्या गृहस्थाने माझे नाव-गाव तीनदा विचारून नीट उतरवून घेतले. सौ. म्हणाली, "आपला मुलगा तर फोनवर दोन मिनिटांत 'ठेवतो' म्हणतो!"

२००४च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनीच कितीतरी घरी खुशाली कळवली. परीक्षा दिली की बाराव्या वर्षापासून परवाना मिळतो. नातवंडांना हा छंद लावा. बारीक आवाजासाठी कान देऊन बसणे निदान त्यांना तरी येऊ दे.