एसएसडी बसवली, आता रजिस्ट्री क्लीनर चालवायचा का?



गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. त्र्यंबक तालुक्यातल्या आपल्या कितीतरी शाळांमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात, म्हणजे २०१५ नंतर, लोकवर्गणीतून संगणक आले. ते आता म्हातारे झाले. कुणी दोन-अडीच हजार खर्चून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि संगणक पुन्हा धावायला लागला. मग कुणीतरी सांगतं, "सर, एवढा खर्च केलाच आहे तर रजिस्ट्री पण क्लीन करून घ्या." दुसरा म्हणतो, "अजिबात नको, एसएसडी जळेल." ऐकणाऱ्याने करायचं काय?

माझं मत आधीच सांगून टाकतो. रजिस्ट्री क्लीनरने एसएसडीला काही होत नाही. तरीही तो चालवू नका. धोका एसएसडीला नाही, विंडोजला आहे आणि पर्यायाने तुमच्या कामाला आहे.

रजिस्ट्री म्हणजे काय हे आपल्याला समजायला सगळ्यात सोपं, कारण आपल्या कपाटात तिची मोठी बहीण बसलेली असते: शाळेचं जनरल रजिस्टर. कोणता प्रोग्रॅम कुठे बसवलाय, कोणती फाईल कशात उघडायची, प्रिंटर कोणता, कीबोर्ड कोणता, अशा नोंदी विंडोज रजिस्ट्रीत ठेवते. तुमच्या संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर त्याचीही नोंद तिथेच असते. प्रोग्रॅम काढून टाकला तरी काही नोंदी मागे राहतात. क्लीनर नेमक्या याच नोंदींना 'एरर' म्हणतो.

आता विचार करा. कुणी बाहेरचा माणूस शाळेत आला, जनरल रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, "यातली निम्मी मुलं तर शाळेत नाहीतच, ही नावं खोडून टाका, रजिस्टर हलकं होईल." आपण खोडू का? आपल्या भागात जात पडताळणीसाठी लोक आजोबांची १९५० पूर्वीची नोंद शोधत शाळेत येतात. एखाद्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश त्या एका ओळीवर अडलेला असतो. ती ओळ बिनकामाची आहे हे बाहेरच्याने ठरवायचं नसतं. क्लीनर नेमकं तेच ठरवतो, अंदाजाने. शंभरातल्या नव्व्याण्णव नोंदी खरोखर बिनकामाच्या असतीलही. पण शंभरावी नोंद कुठल्या प्रोग्रॅमच्या परवान्याची असते, कुठल्या फॉन्टची असते.

आमच्या भागात एका शाळेत हेच झालं. संगणक दुरुस्त करणाऱ्याने जाता जाता एक क्लीनर चालवून दिला. दुसऱ्या दिवशी मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम उघडेना. त्याची सीडी कुठे, परवान्याचा क्रमांक कुठे, कुणाला पत्ता नाही. वर्षानुवर्षांची पत्रं आणि निकालपत्रकं त्याच फॉन्टमध्ये. उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची.

बरं, नोंदी कमी केल्याने वेग तरी वाढतो का? जनरल रजिस्टर जाड असलं तरी नोंदणी क्रमांक माहीत असेल तर आपण थेट त्या पानावर जातो. पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. विंडोजही तसंच करते. संपूर्ण रजिस्ट्री साधारणपणे काही दहा ते काही शे एमबीची असते. त्यातल्या पाचशे नोंदी कमी झाल्या म्हणजे दगडी रस्त्यावरचा एक खडा उचलला.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई हवी ती जागा शोधत जाते. एका शोधाला साधारण दहा मिलीसेकंद लागतात. विंडोज ९५-९८च्या काळात, मोजक्या एमबी रॅमवर, या सगळ्याला थोडाफार अर्थ तरी होता. एसएसडीत फिरणारं काही नाही. माहिती कुठेही विखुरलेली असो, सापडायला दहावा भाग मिलीसेकंदही लागत नाही. म्हणजे क्लीनरचा जो काही उरलासुरला फायदा होता तोही एसएसडीने संपवला. गंमत अशी की ज्याला एसएसडीची काळजी वाटते, त्याच्याच संगणकाला क्लीनरची गरज सगळ्यात कमी आहे.

"पण एसएसडीवर लिहायची मर्यादा असते ना?" असते. २४० जीबीच्या साध्या एसएसडीला कंपन्या साधारण ८० टेराबाइट लिहिण्याची हमी देतात. रोज २० जीबी लिहिलं तरी ४००० दिवस, म्हणजे जवळजवळ ११ वर्षं. आणि शाळेत रोज २० जीबी कोण लिहितंय! समजा क्लीनरने रोज १०० एमबी नव्याने लिहिले. वर्षाचे होतात साडेछत्तीस जीबी. ८० टेराबाइटच्या हिशेबात हा दोन हजारावा भागसुद्धा नाही. चौथी-पाचवीच्या मुलांना हे उदाहरण जरूर घाला, मोठ्या संख्या आणि अपूर्णांक एकदमच होतात.

पण याच सॉफ्टवेअरच्या पोटात आणखी बटणं असतात, आणि तिथे मात्र जपा. 'रिकामी जागा पुसा' नावाची सोय सगळ्या रिकाम्या जागेवर शून्यं लिहीत सुटते. १५० जीबी रिकामी असेल तर एका वेळी १५० जीबी. दर आठवड्याला केलं तर वर्षात सुमारे ७८०० जीबी, म्हणजे हमीचा जवळजवळ दहावा हिस्सा फुकट गेला. 'डीफ्रॅग'चंही तसंच. एसएसडीला त्याची गरज नाही. विंडोज ७ पासून ट्रिम नावाची सोय आहे, ती कोणती जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवते, आणि विंडोज ८ पासून 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' हे काम वेळापत्रकाने आपोआप करते. आपण हात लावायची गरज नाही.

मायक्रोसॉफ्टची भूमिकाही क्लीनरच्या बाजूची नाही. ते आम्ही पुरस्कृत करत नाही, आणि बिघाड झाला तर विंडोज नव्याने टाकावी लागू शकते, असं कंपनी सांगते. एकेकाळी त्यांचं स्वतःचं रेगक्लीन होतं, ते त्यांनीच मागे घेतलं.

आणि विश्वासाचा प्रश्न आहेच. सगळ्यांना माहीत असलेलं सीक्लीनर घ्या. २०१७ मध्ये चोरांनी त्याच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला होता, आणि सुमारे २२ लाख ७० हजार जणांनी ती आवृत्ती वापरली. हे झालं नावाजलेल्याचं. 'तुमच्या संगणकात १२४७ त्रुटी!' असं लाल अक्षरात ओरडणाऱ्यांची तर बातच सोडा. अमेरिकेत रेस्टोरो आणि रीइमेज या संगणक दुरुस्तीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांवर तिथल्या व्यापार आयोगाने खोट्या इशाऱ्यांनी लोकांना घाबरवल्याचा आरोप ठेवला. २०२४ मध्ये त्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. पालकांनी हे विशेष लक्षात घ्या, कारण मुलं खेळ उतरवताना अशाच पाट्यांवर क्लिक करतात.

काही जण म्हणतील, "मी चालवला, मला तर फरक पडला." पडला असेल. त्या सॉफ्टवेअरने सोबत तात्पुरत्या फाइल्स काढल्या, संगणक बंद करून चालू केला. फरक त्याने पडला. ते काम फुकटात करता येतं: टास्क मॅनेजर उघडून 'स्टार्टअप'मधले नको ते प्रोग्रॅम बंद करा, न लागणारे प्रोग्रॅम सेटिंग्जमधून काढा, सी ड्राइव्हवर निदान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा. तरीही रखडत असेल तर रॅम बघा. चार जीबीवर क्रोममध्ये यू-डायसचं पोर्टल, एक्सेल आणि यूट्यूब एकदम उघडलं तर देवालाही तो संगणक पळवता येणार नाही.

साफसफाई करताना 'डाउनलोड्स'वर टिक नाही ना, हे मात्र दोनदा बघा. आपले सगळे शासन निर्णय, मुलांच्या याद्या तिथेच पडलेल्या असतात. आणि एसएसडीवर ट्रिम झालं की पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा जवळजवळ सोडायचीच. हार्ड डिस्क निदान कटकट आवाज करून मरायची, एसएसडी बहुधा न सांगता जाते. आपल्याकडे पावसाळ्यात ब्रह्मगिरीवर ढग उतरले की वीज किती वेळा जाते-येते ते मी सांगायला नको. निकालपत्रकांची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक ड्राइव्हवर ठेवा.

ज्यांनी क्लीनर आधीच चालवलाय आणि काहीतरी बिघडलंय, त्यांनी घाबरू नये. बहुतेक क्लीनर पुसण्याआधी नोंदींची प्रत ठेवू का असं विचारतात. ती ठेवली असेल तर त्या फाइलवर डबल क्लिक करून नोंदी परत घालता येतात. नाहीतर 'सिस्टीम रिस्टोर' वापरा, पण ती सोय आधीपासून चालू असावी लागते, आणि बऱ्याच संगणकांवर ती बंदच असते. विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज रजिस्ट्रीची आपोआप प्रत ठेवणंही बंद झालंय. त्यामुळे आज शाळेत गेलात की स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' टाइप करा, सी ड्राइव्हसमोर 'ऑन' आहे का बघा, नसेल तर चालू करा. दोन मिनिटांचं काम आहे, परिपाठाच्या आधी होतं.