नोकरी सोडून गॅरेजकडे वळताना

तिशी-पस्तिशीत नोकरी सोडून मोटार मेकॅनिक होण्याचा विचार सातारा-सांगलीला परका वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतील व्हीजेटीआयची शिक्षकी सोडली, बेळगावात सायकलींचे दुकान चालविले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविली.

मात्र केवळ हौसेवर हा निर्णय घेता येणार नाही. आयटीआयचा मोटार मेकॅनिक अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. पुढे गॅरेजमधील उमेदवारीतही मोबदला बेताचाच. शिवाय व्यवसायच बदलतो आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर नव्या मोटारींत सेन्सर वाढले; दोष शोधण्यास पान्ह्याबरोबर स्कॅनरही लागतो. विजेवरील मोटारीत ऑइल बदलणे, क्लच, स्पार्क प्लग ही कामेच उरत नाहीत; ब्रेक, टायर व सस्पेन्शन तेवढे राहतात.

म्हणूनच राजीनाम्यापूर्वी सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये राबून पाहावे, दोन वर्षांच्या घरखर्चाची तजवीज करावी आणि इंजिनाइतकेच वायरिंगही शिकावे. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरालाही गिऱ्हाईक मिळण्यास काळ जावा लागला होता. तेवढा तग धरण्याची तयारी असेल, तरच हा मार्ग धरणे शहाणपणाचे ठरेल.