अक्कलदाढ : काढायची कधी, ठेवायची कधी?

दातांच्या दवाखान्यातून जबड्याचा एक्स-रे घेऊन घरी आलेल्या तरुणाला दोन सल्ले हमखास मिळतात. घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘दाढ काढू नको, नजर कमी होईल.’ मित्र म्हणतात, ‘चारही काढून टाक, कटकट मिटेल.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. दाढेची नस आणि दृष्टीची नस वेगळी असते. त्याचप्रमाणे, एक्स-रेमध्ये दाढ तिरपी दिसली म्हणजे ती काढलीच पाहिजे, असेही नाही. साधारण 17 ते 25 या वयात अक्कलदाढ येते. जबड्यात जागा नसेल तर ती आडवी होते किंवा अर्धी हिरडीखाली राहते. हा आजार नव्हे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2000 मध्येच सांगितले, की त्रास नसलेल्या अडकलेल्या दाढा सरसकट काढू नयेत. अमेरिकेत मात्र त्या तरुणपणीच काढण्याची पद्धत रुळली आहे. अशी दाढ काढावी की ठेवावी, हे ठरवण्यास पुरेसा पुरावा नाही, असे 2020 च्या कॉक्रेन आढाव्यातही म्हटले आहे. पुढचे दात वाकडे होतील म्हणून अक्कलदाढ काढण्यालाही भक्कम आधार नाही.

पण दाढ ठेवायची म्हणजे विसरायची नव्हे. तिरप्या दाढेच्या फटीत अन्न अडकते आणि शेजारची चांगली दाढ किडते. म्हणून नियमित तपासणी हवी. हिरडी वारंवार सुजत असेल, न भरता येणारी कीड असेल, शेजारच्या दाढेला इजा होत असेल किंवा गाठ दिसत असेल, तर दाढ काढण्यात टाळाटाळ करू नये. पहिल्यांदाच आलेली सौम्य सूज मात्र बहुधा स्वच्छता आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी उतरते.

वऱ्हाडात एक प्रश्न आणखी आहे : खर्रा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावरून हटलेला नाही. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठ होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. अनेकांना वाटते, अक्कलदाढ येतेय म्हणून जबडा आखडला. ही गल्लत महागात पडते, कारण दाढ काढूनही तोंड उघडत नाही आणि मूळ आजार वाढत राहतो. त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. घरच्या घरी पाहण्याची खूण सोपी आहे. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तिखटाने आग होत असेल किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर आधी तोंडाची तपासणी करावी.

दुसरी सवय म्हणजे मेडिकलमधून दर वेळी गोळ्या आणून दिवस काढणे. त्याने दुखणे दबते, कारण तसेच राहते. शासकीय दंत महाविद्यालय नागपूरला. अमरावतीहून ते सुमारे दीडशे, तर अकोल्याहून अडीचशे किलोमीटर. मजुरी बुडवून तिथे जाणे सोपे नाही, म्हणून दुखणे लांबते. अमरावतीत 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, अकोल्यात ते आधीपासून आहे. मौखिक शस्त्रक्रियेची पूर्ण सोय याच ठिकाणी मिळाली, तर हे अंतर कमी होईल. तोपर्यंत जिल्हा रुग्णालयातील दंत विभागात वेळेवर दाखवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. मात्र जबड्याखाली सूज, ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल, तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता थेट अपघात विभाग गाठावा.

दाढ काढायची ठरली, तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. माझ्या बाबतीत काढण्याचे नेमके कारण काय? नाही काढली तर काय होईल? खालच्या दाढेची मुळे ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या किती जवळ आहेत? ओठ बधिर होण्याचा धोका थोडा असतो, कायमचा बधिरपणा तर क्वचितच येतो. पण तो आधी माहीत असणे हा रुग्णाचा हक्क आहे. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर तेही सांगावे आणि त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दाढ काढल्यावर खर्रा आणि विडी दोन्ही दूर ठेवावेत, नाहीतर जखम चिघळते.

कारण स्पष्ट असेल तर दाढ काढावी, नसेल तर लक्ष ठेवून राहू द्यावी.