अंड्याला वाली कोण?

महाराष्ट्राच्या शालेय पोषण आहारात अंडे आले नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि राज्याच्या खर्चातून ते गेले जानेवारी २०२५ मध्ये. आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा स्थानिक फळ, एवढीच ती तरतूद होती. ती काढताना अंड्यावर कोणी बंदी घातली नाही. नव्या शासन निर्णयाने अंडा पुलाव पाककृतींच्या यादीत राहू दिला, गोड पदार्थही राहू दिले. अंडी आणि साखर यांच्यासाठी शासन वेगळा निधी देणार नाही, शाळांनी तो लोकसहभागातून उभारावा, इतकेच म्हटले. यातून वर्षाला वाचणारी रक्कम सुमारे पन्नास कोटी रुपये असल्याचे सांगितले गेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मांडलेला राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरातला होता. म्हणजे लाख रुपयांतले सात रुपये. आहारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सार्वजनिक आरोग्यात काम करणारे आपण सगळे अशा वेळी एकच वाक्य बोलतो: मुलांच्या ताटात राजकारण आणू नका. आमचे मत नेमके उलटे आहे. अंडे गेले ते राजकारणाने कमी आणि त्याच्या बाजूने कोणतेच राजकारण उभे नव्हते म्हणून जास्त.

या घटनेचा सगळ्यांना सुचणारा अर्थ असा की, शाकाहाराच्या आग्रहापुढे सरकार झुकले. २०२३ मध्ये काही धार्मिक आणि सामाजिक संघटनांनी अंड्याला उघड विरोध केला होता, त्यामुळे हा अर्थ निराधार नाही. पण तो पुरत नाही. याच राज्यात, अनुसूचित क्षेत्रातल्या अंगणवाड्यांमध्ये, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली लहान मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडी देण्याची तरतूद झाली. ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस होते. शाळेतल्या अंड्याचा निधी थांबला तेव्हाही तेच मुख्यमंत्री होते. कर्नाटकात २०२१च्या अखेरीस कल्याण कर्नाटकातल्या शाळांमध्ये अंडी द्यायला सुरुवात झाली, ती मठाधीशांचा विरोध असताना आणि बसवराज बोम्मई यांच्या भाजप सरकारच्या काळात. उलट मध्य प्रदेशात २०१५ मध्ये शिवराजसिंह चौहान यांनी अंगणवाडीतल्या अंड्याचा प्रस्ताव फेटाळला. पक्ष एकच, निकाल वेगवेगळे. विचारसरणीवर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे, पण अमृत आहारातले अंडे कशाच्या जोरावर उभे राहिले, हे त्यातून कळत नाही.

ते उभे राहिले कारण त्याला वाली होते. पैसा आदिवासी विकास विभागाच्या निधीतून येतो, त्यामुळे शिक्षण खात्याच्या काटकसरीचा हात तिथवर पोहोचत नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंवरच्या जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालल्या आणि सचिवांना तिथे उभे राहून उत्तरे द्यावी लागली. अनुसूचित क्षेत्रांबाबत राज्यपालांची घटनात्मक जबाबदारी आहे, आणि या पट्ट्यात संघटनाही जाग्या आहेत. शाळेतल्या अंड्यामागे यातले काहीच नव्हते. कोणत्या पक्षाने ते जाहीरनाम्यात मिरवले नव्हते, कोणत्या पालक संघटनेने मोर्चा काढून मिळवले नव्हते. ते प्रशासनाने दिले आणि प्रशासनानेच थांबवले. विरोधकांकडे नावे, पत्रके आणि शिष्टमंडळे होती. बाजूने बोलणाऱ्यांकडे प्रथिनांचा तक्ता होता.

तमिळनाडूची तुलना इथे टाळता येत नाही. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी दुपारच्या जेवणाची योजना मोठी केली, १९८९ मध्ये करुणानिधींनी तीत पंधरवड्याला एक अंडे घातले, आणि २०१०पर्यंत शाळेच्या आठवड्यातल्या पाचही दिवशी अंडे मिळू लागले. मधल्या काळात सत्ता अनेकदा फिरली. आधीच्याने दिलेले काढले तर मते जातात, म्हणून पुढच्याने ते वाढवत नेले. यात पोषणशास्त्राचा वाटा किती आणि द्रमुक-अण्णाद्रमुकच्या चुरशीचा किती, हे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकेल.

अंड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. त्याचा सर्वांत मोठा प्रशासकीय गुण हा की ते मोजता येते. वरण पातळ करता येते, तेल अर्धे टाकता येते, भाजीत बटाटा वाढवता येतो. अंड्यात पाणी घालता येत नाही. पहिलीतल्या मुलालाही ते मिळाले की नाही हे कळते. अन्न हक्कासाठी काम करणारे हा मुद्दा पूर्वीपासून मांडत आले आहेत. पण मोजता येण्याची दुसरी बाजू कोणी फारशी पाहिली नाही. अंडे अंदाजपत्रकातही वेगळेच उठून दिसते. केंद्राच्या पीएम पोषण योजनेच्या ठरलेल्या घटकांत ते नाही, म्हणून तो खर्च राज्याला स्वतःच्या तिजोरीतून, वेगळा दाखवून करावा लागतो. डिसेंबर २०२४पासून प्राथमिक वर्गातल्या एका मुलाच्या एका जेवणाचा दर, धान्य वगळून, ६ रुपये १९ पैसे होता. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळे त्यात. त्या थंडीत किरकोळ बाजारात एक अंडे जवळपास तेवढ्यालाच पडत होते. वित्त विभागाच्या टेबलावर कात्री चालवायची वेळ आली की, एका ओळीत कापता येईल अशी गोष्ट आधी कापली जाते. डाळीचे वीस ग्रॅम कापायला नियम बदलावा लागतो, अंड्याला फक्त ‘लोकसहभाग’ हा शब्द पुरतो.

आणि लोकसहभाग म्हणजे काय, हे आपल्यातल्या शाळा-अंगणवाड्यांत फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. सधन गावातली शाळा माजी विद्यार्थ्यांकडून, साखर कारखान्याकडून, वाढदिवसाच्या देणग्यांतून अंड्यांचे पैसे जमवू शकते. जव्हार-मोखाडा किंवा अक्कलकुव्यातल्या शाळेने ते कोणाकडे मागायचे? गरज जिथे सर्वाधिक तिथे तरतूद सर्वांत कमी, अशी उलटी उतरंड या एका कलमाने तयार होते आणि तिची जबाबदारी मात्र कोणावरच येत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप शास्त्राचा आहे आणि तो आपल्यातलेच लोक घेतात: आठवड्याला एक अंडे, म्हणजे सहाएक ग्रॅम प्रथिने, याने काय साधणार? प्रश्न रास्त आहे. इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना रोज एक अंडे दिल्यावर खुजेपणाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचा २०१७चा अभ्यास आपण सगळेच व्याख्यानांत वापरतो. मलावीतल्या तशाच चाचणीत असा परिणाम दिसला नाही, हे मात्र क्वचितच सांगतो. तिथली बाळे आधीपासून मासे बऱ्यापैकी खात होती. शिवाय दोन्ही अभ्यास बाळांवरचे आहेत, शाळकरी मुलांवरचे नाहीत. तेव्हा एका अंड्याने उंची वाढेल असा दावा आम्ही करणार नाही. पण राज्यातल्या पाच वर्षांखालील मुलांत खुजेपणा २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होता, २०१५-१६ मध्ये ३४.४ वर आला आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ वर अडकला. त्याच पाच वर्षांत बालकांतला रक्तक्षय ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला. हीच मुले पुढे शाळेत येतात. धान्यावर उभ्या असलेल्या ताटात प्राणिज प्रथिन आणि बी-१२ यांना थोडी तरी जागा हवी, एवढे म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे. एक अंडे कमी पडत असेल तर मागणी दोनची व्हायला हवी होती.

दुसरा आक्षेप शाकाहारी कुटुंबांचा. तो झटकून टाकणे चुकीचे ठरेल. २०१४च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील सुमारे ४० टक्के लोकांनी स्वतःला शाकाहारी म्हटले. जवळपास सगळेच मांसाहार करतात त्या पश्चिम बंगालचा हिशेब इथे चालणार नाही. पण या कुटुंबांची खरी तक्रार वेगळी असायला हवी होती. अंड्याच्या बदल्यात केळे देणे हा पोषणाच्या दृष्टीने न्याय नव्हता. दूध, किंवा शेंगदाणे आणि डाळ्यांचा लाडू, असा बरोबरीचा पर्याय त्यांनी आणि आपण मागायला हवा होता. तसे झाले असते तर अंडे खाणारी आणि न खाणारी अशी दोन्हीकडची मुले एकाच मागणीमागे उभी राहिली असती. त्याऐवजी वाद ‘अंडे हवे की नको’ इथेच अडकला आणि शेवटी दोघांच्याही ताटातली भर गेली.

तिसरा आक्षेप जास्त बोचरा: राजकारणाला आमंत्रण दिले की मागोमाग कंत्राटदार येतो. हे महाराष्ट्राला वेगळे सांगावे लागणार नाही. अंगणवाडीच्या आहारातून कंत्राटदारांना दूर ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले असताना, घरपोच आहाराची ६,३०० कोटींची कंत्राटे राज्याने २०१६च्या निविदेतून दिली आणि ती रद्द करायला २०१९ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयालाच यावे लागले. अंड्याच्या बाजूनेही हितसंबंध आहेतच; राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा आवाज लहान नाही आणि तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. पण इथले राजकारण आपण आत शिरलो म्हणून आले नव्हते, ते आधीपासूनच तिथे होते. प्रश्न वाली कोण होणार एवढाच आहे. तो पुरवठादार झाला तर पाकिटबंद सुकडी टिकते. बचत गट, पालक आणि शाळा व्यवस्थापन समित्या झाल्या तर गरम अन्न टिकते. २०१६ ते २०१९ दरम्यान त्या निविदांविरुद्ध न्यायालयात लढणाऱ्यांत महिला बचत गट होते. आपल्या व्यावसायिक संघटना त्या लढ्यात ठळकपणे दिसल्या नाहीत.

यावर काही वाचक म्हणतील, आमचे काम शिफारस करणे, निर्णय घेणे नव्हे. मान्य. पण शिफारस कुठे पोहोचवायची, हे तरी आपण शिकायला हवे. आपण राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते वाचतो, शासन निर्णयाचे शेवटचे पान वाचत नाही. खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, हे तिथेच लिहिलेले असते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २८ मध्ये सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे, आणि त्या अंकेक्षणात ताटातल्या प्रथिनांचा हिशेब तपासायला आहारतज्ज्ञाइतका योग्य माणूस दुसरा नाही. विधिमंडळात पुरवणी मागण्या वर्षातून एकाहून अधिक वेळा येतात. एका आमदाराला एका पानाचे टिपण देऊन प्रश्न विचारायला लावणे हे कोणत्याही जिल्हा शाखेच्या आवाक्यातले काम आहे. त्या पानावर तीनच गोष्टी असाव्यात: जिल्ह्यातल्या किती शाळांनी गेल्या सत्रात लोकसहभागातून खरोखर अंडी दिली, त्या शाळा कोणत्या तालुक्यांत आहेत, आणि उरलेल्या शाळांतल्या मुलांना अंड्याच्या दिवशी काय मिळाले. ही माहिती पंचायत समितीच्या शालेय पोषण आहार अधीक्षकांकडे मागावी. तिथे टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.