विक्रोळीचे इंजिन, ओझरचे विमान

सांताक्रूझचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. युद्ध संपल्यावर जुहूची नागरी वाहतूक तेथे आली. पुढे विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, तरी उपनगरातील जुनी मंडळी देशांतर्गत टर्मिनलला आजही ‘सांताक्रूझ’च म्हणतात. गेल्या पाऊणशे वर्षांत या धावपट्टीवर उतरलेल्या प्रवासी जेट विमानांपैकी एकाचीही रचना भारतात झालेली नाही. मात्र तेथून पूर्वेला काही किलोमीटरवर, पवई आणि विक्रोळीच्या कारखान्यांत, चंद्राकडे जाणाऱ्या प्रक्षेपकाचे भाग तयार होतात. आणि मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक ओलांडले की ओझर येते. तेथे साठ वर्षांपासून लढाऊ विमाने बांधली जात आहेत. विक्रोळीत तयार होणारे अग्निबाणाचे इंजिन आज निःसंशय भारतीय आहे. ओझरला तयार होणाऱ्या विमानांच्या इंजिनाबद्दल तसे म्हणता येत नाही. हा फरक कशामुळे पडला, याचे उत्तर संरक्षण खात्याच्या पुढच्या करारांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

ओझरची ताजी हकिगत अशी. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तेथील हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या (एचएएल) कारखान्यात ‘तेजस मार्क-१ए’च्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन केले. ‘एचटीटी-४०’ या प्रशिक्षण विमानाची दुसरी साखळीही त्याच दिवशी सुरू झाली आणि नाशिकमध्ये तयार झालेले पहिले तेजस आकाशात उडाले. बेंगळुरूच्या दोन साखळ्यांच्या जोडीला ओझरची वर्षाला आठ विमाने, अशी एकूण चोवीस विमानांची क्षमता त्यामुळे उभी राहिली. सोहळा वेळेवर झाला असे मात्र म्हणवत नाही. तीनच आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, चंडीगडमध्ये ‘मिग-२१’ला अखेरचा निरोप देण्यात आला होता आणि हवाई दलाच्या लढाऊ तुकड्यांची संख्या मंजूर ४२ वरून २९ वर उतरली होती.

तेजस मार्क-१एच्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत द्यायचे होते. २०२५ सरले तरी एकही विमान हवाई दलाच्या ताब्यात गेले नव्हते. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा, ६२,३७० कोटी रुपयांचा करार मात्र झाला. विलंबाला कारणे अनेक असली, तरी सर्वांत ठळक कारण इंजिनाचे. तेजसला अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे ‘एफ-४०४’ इंजिन लागते. आधीच्या मागणीची इंजिने २०१६ पर्यंत देऊन झाली, नवी मागणी आली नाही, म्हणून त्या कंपनीने या इंजिनाची साखळी बंद केली होती. भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ इंजिने मागवली, साखळी पुन्हा उभी करावी लागली आणि पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले. विमानाचा सांगाडा, पंख, संगणक सर्व तयार आहे आणि इंजिनाची वाट पाहायची आहे, ही स्थिती भारतीय विमाननिर्मितीला नवी नाही. एचएएलने बांधलेले ‘मरुत’ हे जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेले लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. रचना उत्तम होती. तिला साजेसे इंजिन कधीच मिळाले नाही आणि ते विमान आपल्या योग्यतेपेक्षा कमी वेगाने आयुष्य कंठून निवृत्त झाले.

एचएएलचे मूळ शोधू गेल्यास ते मराठी वाचकाला परिचित अशा नावापाशी जाते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साह्याने बेंगळुरूला ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ स्थापन केली. युद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. ओझरचा जन्म मात्र चीनबरोबरच्या युद्धाचा. मिग-२१ भारतात बांधण्याचा सोव्हिएत संघाशी करार १९६२ मध्ये झाला आणि त्यासाठी ‘एरोनॉटिक्स इंडिया’ ही वेगळी कंपनी काढण्यात आली. ऑक्टोबर १९६४ मध्ये दोन्ही एकत्र येऊन आजची एचएएल झाली. मिगचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी ठरली. त्या वेळी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि १९६३ मध्ये ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. कारखाना नाशिकला येण्याचा आणि या गोष्टीचा संबंध जोडणे नाशिककरांना आवडते, आणि तो अगदीच चुकीचा असेल असे वाटत नाही.

ओझरने कामात कसूर केली नाही. मिग-२१च्या वेगवेगळ्या आवृत्त्या मिळून सहाशेहून अधिक विमाने, त्यानंतर दीडशेहून अधिक मिग-२७ आणि डिसेंबर २०००च्या परवाना करारानुसार सुखोई-३० एमकेआय. हवाई दलाने मागवलेल्या २७२ सुखोईंपैकी २२२ ओझरला बांधली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी बाराची मागणी आली. आधी आयात केलेल्या भागांची जुळणी, मग सुटे भाग येथे बनवणे, आणि शेवटी कच्च्या धातूपासून विमान, असा टप्प्याटप्प्याने प्रवास झाला. पण ‘कच्च्या धातूपासून’ याचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. टायटॅनियमचे ठोकळे आणि ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या रशियातूनच घेण्याची अट त्या करारात होती. कारागीर तासून काढणारा धातू परका, ज्या आराखड्याबरहुकूम तासायचा तो परका आणि त्यात तसूभर बदल करायचा तर परवानगी मॉस्कोची. अमुक भाग असा बनवावा, हे ओझरला सांगण्यात आले. तो असाच का, हे सांगण्याची तरतूद करारात नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये सुखोईच्या २४० इंजिनांचा सुमारे २६ हजार कोटी रुपयांचा करार कोरापुटशी झाला, तेव्हाही इंजिनाची रचना रशियाचीच होती.

विक्रोळीची कथा वेगळ्या करारापासून सुरू होते. १९७४ मध्ये इस्रोने फ्रान्सच्या ‘एसईपी’ कंपनीशी एक विलक्षण सौदा केला. फ्रान्स तेव्हा ‘एरियान’ प्रक्षेपकासाठी ‘व्हायकिंग’ हे द्रव-इंधन इंजिन विकसित करीत होता आणि त्याला अभियंत्यांची गरज होती. भारताकडे पैसे नव्हते, अभियंते होते. मग रोख रकमेच्या बदल्यात भारतीय अभियंत्यांचे श्रम द्यावेत आणि त्या मोबदल्यात तंत्रज्ञान मिळावे, असे ठरले. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखालील तुकडी व्हर्नाँ येथे गेली आणि फ्रेंचांच्या बरोबरीने आराखडे, तपासणी आणि चाचण्या यांत कामाला लागली. इंजिन पूर्ण झाल्यावर त्याचे कागद विकत घेणे आणि ते घडत असताना तेथे असणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कोणता प्रयोग फसला, कोणते माप कशासाठी बदलले, हे कागदावर येत नाही. ते अभियंत्यांच्या डोक्यात येते आणि त्यांच्याबरोबर मायदेशी परतते. (याच नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपयांची भरपाई देवविली, हा या कथेतील लाजिरवाणा भाग.)

त्या इंजिनाचे भारतीय रूप म्हणजे ‘विकास’. विक्रोळीचा ‘गोदरेज अँड बॉइस’ आणि हैदराबादचा ‘एमटार’ हे कारखाने ते बनवतात. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात १९९३ पासून ते आहे, जीएसएलव्हीत आहे आणि १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या ‘एलव्हीएम-३’च्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिने जळत होती. त्याच प्रक्षेपकाच्या दोन्ही बाजूंच्या ३.२ मीटर व्यासाच्या अवाढव्य घन-इंधन नळकांड्यांचे महत्त्वाचे भाग लार्सन अँड टुब्रोच्या पवई येथील कारखान्यात तयार होऊन दाबाच्या चाचणीतून पार पडले होते. २०१८ मध्ये विकासची अधिक जोर देणारी आवृत्ती जीएसएलव्हीवर उडाली. तसे करण्यासाठी इस्रोला पॅरिसची परवानगी मागावी लागली नाही. इंजिन आपले झाले याची याहून चांगली खूण नाही.

येथे एक आक्षेप रास्त ठरेल. अग्निबाणाचे इंजिन आणि लढाऊ विमानाचे इंजिन यांची तुलना करणे सरळ नाही. विकास काही मिनिटे प्रचंड जोराने जळते आणि त्याचे काम संपते. विमानाच्या इंजिनाला हजारो तास चालायचे असते, दिवसातून अनेकदा तापून थंड व्हायचे असते. त्याची पाती ज्या वायूत फिरतात त्याचे तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर असते. पात्यात कोरलेल्या सूक्ष्म मार्गांतून हवा खेळवून आणि संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे ओतून ते तगवावे लागते. जगात हे जमणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. भारताचा ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला आणि २००८ मध्ये तेजसपासून वेगळा काढावा लागला, त्यामागे ही अडचण होती. दैवाला दोष देण्यात अर्थ नाही. पण कोरापुटमध्ये दशकानुदशके शेकडो जेट इंजिने बांधूनही त्या अनुभवाचा कावेरीला व्हावा तेवढा उपयोग झाला नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

विमानांच्या क्षेत्रातही शिकणे अशक्य नव्हते, याचे दोन दाखले आहेत. तेजसच्या उड्डाण-नियंत्रणाची संगणक प्रणाली अमेरिकेच्या बलाढ्य लॉकहीड मार्टिन कंपनीच्या साह्याने तयार होत होती. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले, भारतीय अभियंत्यांना परत पाठवण्यात आले. त्यांनी नियंत्रणाचे गणित येथेच पूर्ण केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी तेजस सुखरूप उडाले. दुसरा दाखला ओझरचाच. सुखोईच्या पोटाखाली अडीच टनांचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र बसवण्यासाठी विमानाचा सांगाडा मजबूत करायचा होता. ते काम एचएएलच्या अभियंत्यांनी अंगावर घेतले. २५ जून २०१६ रोजी क्षेपणास्त्रासह पहिले उड्डाण ओझरहूनच झाले आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर ते डागले गेले. ब्रह्मोसच्या सांगाड्याचे भाग विक्रोळीत बनतात. म्हणजे उपनगराची आणि ओझरची गाठ अशी एका विमानाखाली पडली. दोन्ही वेळा परक्याने हात आखडता घेतला किंवा काम स्वतःच करणे भाग पडले, तेव्हा ते जमले.

एचएएल आता अंतराळातही पाय रोवते आहे. लार्सन अँड टुब्रोसह पाच पीएसएलव्ही बांधण्याचे ८६० कोटींचे काम तिला २०२२ मध्ये मिळाले. जून २०२५ मध्ये छोट्या उपग्रहांसाठीच्या ‘एसएसएलव्ही’ प्रक्षेपकाचे तंत्रज्ञान तिने ५११ कोटींची बोली लावून मिळवले. हे तंत्रज्ञान इस्रोकडून एचएएलकडे, म्हणजे भारतीयाकडून भारतीयाकडे जाणार असल्याने ‘का’ विचारण्याला तेथे बंदी असण्याचे कारण नाही. दोन वर्षांच्या हस्तांतर काळात एचएएलचे लोक इस्रोच्या चाचणी-मंचांवर किती बसतात, यावर पुढचे अवलंबून राहील.

खरी कसोटी आहे विमान-इंजिनांच्या करारांत. जनरल इलेक्ट्रिकचे ‘एफ-४१४’ भारतात बनवण्यासाठी जून २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला, तेव्हा तंत्रज्ञानाच्या ८० टक्के हस्तांतराची चर्चा झाली. ही टक्केवारी किमतीवर मोजली जाते. महागडे पण सर्वश्रुत भाग त्यात सहज भरतात आणि स्वस्त पण अवघड गुपित बाहेर राहू शकते; म्हणून टक्क्यांच्या आकड्यावर भाळण्यात हशील नाही. कोणाच्या अभियंत्यांना कोणत्या चाचणीत बसू दिले जाईल, बिघाडाचे अहवाल कोण वाचेल, बदलाचा अधिकार कोणाकडे राहील, या कलमांची विचारपूस संसदेत आणि बाहेर व्हायला हवी. पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी इंजिन फ्रान्सच्या ‘साफ्रान’बरोबर विकसित करण्याचे राजनाथ सिंह यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. १९७४ मध्ये इस्रोशी सौदा करणारी ‘एसईपी’ पुढे ‘स्नेक्मा’त विलीन झाली आणि त्या ‘स्नेक्मा’तूनच २००५ मध्ये ‘साफ्रान’ उभी राहिली. वाटाघाटीला बसणाऱ्या अधिकाऱ्यांनी जुन्या फायलींतून व्हर्नाँचा तो करार बाहेर काढायला हरकत नाही.