काम सांगणे वेगळे, काम शिकवणे वेगळे

दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. सायन्स की कॉमर्स? आयटीआय की डिप्लोमा? मुलाला पुण्याला ठेवायचे की मामूंकडे मुंबईला? या सगळ्या गडबडीत एक प्रश्न राहून जातो. उद्या हे लेकरू एकटे राहिले तर स्वतःचे जेवण, कपडे, पैसे आणि औषधपाणी सांभाळू शकेल का?

अमेरिकेतील अनेक हायस्कुलांत हा प्रश्न अभ्यासाचा विषय आहे. त्याचे नाव ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस’. जुने नाव होम इकॉनॉमिक्स, म्हणजे आपले गृहशास्त्र. बहुतेक ठिकाणी तो ऐच्छिक असतो. स्वयंपाक, शिवण, बालसंगोपन, घरखर्च, भाडेकरार, कर्ज, विमा असे सारे त्यात येते.

या विषयाचा पाया घालण्यात एलन स्वॅलो रिचर्ड्स यांचा मोठा वाटा होता. एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या महिला. 1873 साली त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे पिण्याचे पाणी व अन्नातील भेसळ तपासण्याचे काम केले. घरातील स्वच्छता आणि अन्न हा विज्ञानाचा विषय आहे, असे त्या मानत. 1899 मध्ये लेक प्लॅसिड येथे त्यांच्यासारख्या मंडळींची परिषद भरली आणि 1909 मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. 1917 च्या कायद्याने शाळांतील या शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला.

पण पुढे वर्गात मुलीच राहिल्या. मुली चुलीपाशी आणि मुले सुतारकामाच्या शेडमध्ये, अशी वाटणी झाली. 1972 च्या कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद करायला मनाई केल्यावर हे वर्ग दोघांसाठी खुले झाले. 1990 च्या दशकात नावही बदलले. जपानने तर 1994 पासून उच्च माध्यमिक शाळेत हा विषय मुलगे आणि मुली दोघांनाही सक्तीचा केला.

आता कोणी म्हणेल, त्यात काय मोठे? आमच्या मुली हे सारे घरीच शिकतात. खरे आहे, पण अर्धेच. आपण मुलांना काम सांगतो, कामामागचे कारण सांगत नाही. त्या वर्गात मात्र कारणापासूनच सुरुवात होते.

भाताचेच पाहा. 4 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न 2 तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तासापेक्षा जास्त नको, हे तिथे शिकवतात. भातातील काही जंतूंचे बीज शिजवल्यावरही मरत नाही. दावतीची उरलेली बिर्याणी रात्रभर डेगीत राहिली तर सकाळी वास चांगला येतो म्हणून ती चांगली असेलच असे नाही. हे ज्या मुलीला कळले, तिला “बिर्याणी फ्रिजमध्ये ठेव” असे पुन्हा सांगावे लागत नाही.

पैशांचेही तसेच. दरमहा 3 टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटते. पण परतफेड न करता व्याजावर व्याज चढत गेले तर रक्कम 2 वर्षांत दुप्पट होते. हा हिशेब मुलांनी वहीत स्वतः मांडला तर क्रेडिट कार्डाची किंवा मोबाइलवरील झटपट कर्जाची भूल सहज पडणार नाही. मोठा पुडा नेहमी स्वस्त असतो, हाही असाच एक समज. 400 ग्रॅमचा पुडा 90 रुपयांना आणि 1 किलोचा 240 रुपयांना असेल, तर लहान पुडा किलोला 225 रुपये पडतो.

बालसंगोपनाच्या तासाला काही शाळांत पिठाची पिशवी देतात. काही दिवस तिला बाळ समजून सांभाळायचे. सोबत न्यायची नाही तर कोणाच्या तरी स्वाधीन करायची, एकटी सोडायची नाही. हे मुलांनाही करावे लागते. बाळ सांभाळणे म्हणजे काय असते, याची थोडी तरी कल्पना त्यातून येते.

आज अमेरिकेतही परीक्षांच्या दबावामुळे आणि शिक्षक मिळत नसल्याने अनेक शाळांतून हे वर्ग बंद झाले आहेत. आपल्याकडे कार्यानुभवाच्या तासाचे काय होते, हे आपण जाणतोच. म्हणून ही शाळा घरातच भरवावी लागेल, आणि तिच्या पटावर मुलगा-मुलगी दोघांचीही नावे हवीत. आपल्याकडे बहुधा मुलीच्या हाती काम येते पण पैसा येत नाही, आणि मुलाच्या हाती पैसा येतो पण काम येत नाही. रत्नागिरी-रायगडचे कितीतरी तरुण नोकरीसाठी आखातात जातात आणि पहिल्यांदा चूल पेटवतात ती तिथल्या खोलीत. इकडे घरातील सून बँकेचा फॉर्म भरताना कोणाची तरी वाट पाहत बसते.

येत्या सुट्टीत एवढे करून पाहा. एक आठवडा घराचा बाजार मुलीच्या हाती द्या, पैशांसकट आणि हिशेबासकट. त्याच आठवड्यात मुलाने दोन वेळचा साधा स्वयंपाक करावा, बटण लावावे, स्वतःचे कपडे धुवावेत. दोघांनाही एमआरपी, अंतिम तारीख आणि एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक वाचायला शिकवा. बिल घ्यायला लावा. फसवणूक झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार कशी करायची तेही सांगा. वीजबिल, बँकेची स्लिप आणि खोलीचा भाडेकरार एकदा अब्बांनी समोर बसवून वाचून घ्यावा.

भात करपेल, हिशेब चुकेल. तेव्हा हातातले काम काढून घेऊ नका. का करपला, कुठे चुकले, एवढेच विचारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करू द्या.