कॅमोमाइल : स्वीकार करावा, पण परीक्षेनंतर

अलीकडे औषधी दुकानांच्या दर्शनी कपाटात कॅमोमाइलच्या फुलांच्या चहाच्या पेट्या मांडलेल्या दिसतात. ‘निद्राजनक’, ‘तणावनाशक’ आणि क्वचित ‘आयुर्वेदिक’ अशी विशेषणेही त्यांवर छापलेली असतात. “डॉक्टर, हा चहा घेतला तर चालेल का?” असे रुग्ण विचारतो, तेव्हा आपल्यापैकी काही जण परकीय वनस्पती म्हणून नाक मुरडतात, तर काही जण ‘घ्या, वनस्पतीच आहे’ असे म्हणून मोकळे होतात. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे वैद्याला शोभणारी नाहीत.

मॅट्रिकेरिया कॅमोमिला ही शेवंती व सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती. बृहत्त्रयीत तिचे वर्णन नाही. युनानी चिकित्सेत मात्र ‘बाबूना’ या नावाने ती सुप्रतिष्ठित आहे. रोगन-ए-बाबूना सर्वश्रुत आहे. ग्रंथात नाही म्हणून त्याज्य, असे आपले शास्त्र सांगत नाही. युक्ती व प्रयोजन ध्यानात घेतल्यास जगात अनौषधी असे द्रव्यच नाही, हा चरकाचार्यांचा सिद्धांत आहे. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी फिरंगरोगाचे वर्णन केले आणि द्वीपांतरीच्या चोपचिनीला आपल्या ग्रंथात स्थान दिले. परंतु ते तिचे गुणकर्म सांगून दिले, केवळ नाव उसने घेऊन नव्हे. आपण आज नेमकी हीच पायरी गाळत आहोत.

चवीने हे पुष्प तिक्त व सुगंधी आहे. युनानी मतानुसार उष्ण व रुक्ष. युरोपात त्याचा परंपरागत उपयोग मुख्यतः आध्मान, उदरशूल यांत होत आला आहे. म्हणजे दीपन व वातानुलोमन हे त्याचे कर्म प्रथम लक्षात घ्यावे लागते. जेवणानंतर पोट फुगून ज्याची झोप मोडते, त्याला ते उपयुक्त ठरेल. पण कृश, रुक्ष, वातप्रधान अनिद्रेच्या रुग्णाला तिक्त-रुक्ष द्रव्य कितपत मानवेल? तेथे माहिषक्षीर, पादाभ्यंग हेच अधिक श्रेयस्कर. आधुनिक चाचण्याही याच सावधगिरीकडे निर्देश करतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ५७ रुग्णांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिंताविकारात माफक लाभ दिसला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३४ अनिद्रारुग्णांवरील चाचणीत मात्र उल्लेखनीय फरक आढळला नाही.

येथे स्वतःची एक चूक सांगणे मला कर्तव्य वाटते. काही वर्षांपूर्वी एका शेतकरी गृहस्थांना मी झोपेसाठी या फुलांचा फांट दिला. दोन दिवसांत त्यांचा चेहरा व मान लालसर होऊन असह्य कंडू सुरू झाला. नंतर विचारले तेव्हा कळले, की गाजरगवत काढताना त्यांच्या अंगाला दरवर्षी खाज सुटते. गाजरगवत याच कुळातले, हे मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते. प्रश्न मात्र विचारला नव्हता. फांट थांबवल्यावर त्रास शमला. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेले हे तण आज महाराष्ट्रभर माजले आहे. म्हणून युरोपातील वैद्यापेक्षा आपल्याला हा प्रश्न अधिक आवश्यक आहे.

रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनबाबतही असाच विचार हवा. या औषधासोबत कॅमोमाइल घेतलेल्या एका वृद्धेला अंतर्गत रक्तस्राव झाल्याचे वृत्त २००६ मध्ये कॅनडातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे.

औषधविक्रेत्या बंधूंनी द्रव्याची ओळखही पारखून घ्यावी. खऱ्या फुलाचे पिवळे पुष्पासन उभे चिरल्यास आत पोकळ व शंक्वाकार दिसते; रोमन कॅमोमाइल व अँथेमिससारख्या भेसळीच्या फुलांत ते भरीव असते. ही परीक्षा दुकानातच ब्लेडने करता येते. ‘आयुर्वेदिक’ या शब्दाबाबतही दक्षता हवी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार आयुर्वेदिक औषधाला पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांचा आधार लागतो. तो संदर्भ दाखवता येत नसेल, तर चहाला चहाच म्हणावे.

तरीही या वनस्पतीला दार बंद करू नये. आपली जटामांसी हिमालयात अतितोडीमुळे दुर्मिळ होऊन १९९७ पासून ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. कॅमोमाइल मात्र रब्बी हंगामात शेतात पिकते. लखनौच्या सीमॅप संस्थेने ‘वल्लरी’ हे वाणही विकसित केले आहे. अभावप्रतिनिधी द्रव्यांची आपली परंपरा पाहता, काही विशिष्ट अवस्थांत तिचा विचार होऊ शकेल.

त्यासाठी माझी एक सूचना आहे. संघटनेने एक पानी नोंदपत्रक तयार करावे. प्रकृती, अग्नी, मात्रा, अनुपान, काल, लाभ व उपद्रव एवढेच रकाने त्यात पुरेत. प्रत्येक वैद्याने दहा रुग्णांच्या प्रामाणिक नोंदी ठेवल्या, तर काही वर्षांत या पुष्पाचे गुणकर्म आपण स्वतःच्या अनुभवाने सांगू शकू. तोपर्यंत पेटीवरील जाहिरातीला निघंटू समजू नये, एवढीच विनंती.